‘सकाळपासून’ असं सांगा

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यानंतरच्या एका शुक्रवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकाच वेळी गेली. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो.

वेळेबद्दल शंका नाही. मुलगी तस्नीम मस्कतला असते. शुक्रवारी तिला सुट्टी, म्हणून त्या दिवशी सकाळी तिचा फोन येतो. तो दहा पस्तीसला संपला. तशी नोंद फोनमध्ये आहे. त्यानंतर मी पडवीत बसून चहाचा कप उचलला आणि तो हातातून सुटला. उचलायला वाकलो तो सरळ झालोच नाही. खाली पडलो तेव्हा तोंड भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

तीस वर्षं मी मुंबईच्या एका मराठी दैनिकात वृत्तसंपादनाचं काम केलं. इतरांनी आणलेल्या बातम्यांतली नावं, आकडे आणि वेळा तपासणं, हे ते काम. निवृत्तीनंतर पत्नी शाहीन आणि मी गावी आलो. गाव दिघीच्या बाजूला, खाडीच्या काठी. इथून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचं तर दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरावं लागतं आणि तिथून पुढे गाडीने.

या मजकुरातल्या वेळा फोन, रुग्णवाहिकेची नोंदवही आणि रुग्णालयांची कागदपत्रं यांवरून घेतल्या आहेत. कागद नव्हता तिथे दोन माणसांना विचारून घेतल्या. रुग्णालयांची आणि गावातली रुग्णवाहिका चालवणाऱ्या संस्थेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गाडी

आमच्या गावात एक रुग्णवाहिका आहे. ती सरकारी नाही. गावातल्या मुस्लीम जमातीने आणि कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी मिळून संस्था काढून ती घेतली आणि गावातली माणसंच ती चालवतात. कुणालाही त्याचा पगार नाही. आखातातून परत आलेले, शाळेतले शिक्षक, मासे विकणाऱ्या बायका अशी ती माणसं. त्यांनी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे. गाडी चालवणारे दोघेच. त्यातला एक वर्षातले सहा महिने बोटीवर असतो. उरला तो इक्बाल. तो पंचेचाळीसचा, सोळा वर्षं शारजाला क्रेन चालवून परत आलेला.

शाहीनने दहा सेहेचाळीसला फोन केला. इक्बाल जुम्म्याच्या नमाजासाठी अंघोळ करत होता. दहा अठ्ठावन्नला गाडी दारात होती. सोबत ज्योती होती. ती कोळीवाड्यातली; सकाळी मासळी विकते आणि दुपारनंतर गाडीवर मदतनीस म्हणून असते. त्या दिवशी टोपली संपायच्या आधीच फोन आला, म्हणून ती तशीच आली.

“काका, हसा बघू,” ती म्हणाली.

मी हसलो असं मला वाटलं.

“हात वर करा. दोन्ही. ह्योच न्हाय, ह्यो पन.”

एकच हात वर गेला.

“नाव सांगा तुमचं.”

“बरं,” मी म्हणालो.

मला माझं नाव सांगायचं होतं. तोंडातून आलं ते ‘बरं’. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ‘बरं’. त्या दिवसापासून साधारण पाच आठवडे माझ्याजवळ तेवढा एकच शब्द होता. समोरच्याचं सगळं कळत होतं. उत्तरही डोक्यात तयार असायचं. बाहेर येताना त्याचं ‘बरं’ होत असे. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की या आजारात असं होतं. कुणाजवळ शिवी उरते, कुणाजवळ एखादा आकडा.

“लकवा हाय,” ज्योती इक्बालला म्हणाली. “चल. येळ न्हाय.”

तिचं निदान बरोबर होतं. त्यानंतर दोघांनी जे केलं तेही, एक गोष्ट सोडून, बरोबर होतं. मला कुशीवर ठेवलं, पाणी पाजू दिलं नाही, शेजाऱ्यांनी आणलेलं तेल चोळू दिलं नाही. वाटेत ज्योती सारखा रक्तदाब मोजत होती आणि इक्बाल खड्ड्यांतून गाडी काढत होता.

“हळू रे, काका खाली येतील!”

“तू तुझं बीपी बघ गो, मी माझा गिअर बघतो.”

धक्क्यावर

अकरा वाजून चौदा मिनिटांनी आम्ही दिघीच्या धक्क्यावर पोचलो. फेरीबोट सुटली होती. इक्बालने वाटेतून फोन केला होता, म्हणून ती मागे फिरली. बोटीवर पर्यटकांच्या गाड्या होत्या. त्यातल्या दोन उलट्या उतरवून आमच्यासाठी जागा करायची होती. ते करून घ्यायला ज्योती खाली उतरली.

मागचं दार उघडं होतं. शाहीन दाराशी उभी होती. इक्बाल तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलला. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“चाची, तिथं विचारलं कधीपासून, तर सकाळपासून असं सांगा.”

“सकाळपासून कुठे? आत्ता झालं ना.”

“आत्ता झालं म्हटलं की बसवून ठेवतात. बाहेर बाकड्यावर. सकाळपासून म्हटलं की लगेच आत घेतात. मी रोज बघतो ना, चाची. माझ्यावर सोडा.”

हे त्याने मनचं काढलेलं नव्हतं. संस्थेतले सगळेच असं सांगत. एकदा पोटात दुखणाऱ्या एका मुलीच्या बापाने ‘आत्ताच सुरू झालं’ असं खरं सांगितलं होतं आणि गर्दीच्या दिवशी तिचा नंबर दीड तासाने लागला होता. तिचं आतडं फुटलं. ती वाचली, पण तेव्हापासून गाडीवरच्या माणसांनी हा नियम स्वतःला घालून घेतला. दुखणं कितीही ताजं असो, ‘सकाळपासून’ सांगायचं. ताप, पोटदुखी, श्वास, सापाचा दंश, सगळ्याला तो चालला. त्याने कुणाचं नुकसान झाल्याचं तोवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

पक्षाघाताचं वेगळं आहे. गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं. ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर ते देत नाहीत. मला हे माहीत होतं. नोकरीत असताना आरोग्याच्या पानावर असा एक लेख मीच संपादित केला होता आणि मथळाही मीच दिला होता.

धक्क्यावर मला हे आठवलं नाही. मी गाडीच्या छताकडे बघत होतो.

चिठ्ठी

खाडीपलीकडच्या पहिल्या सरकारी रुग्णालयात आम्ही बाराला पोचलो. तिथे थांबायचं कारण चिठ्ठी. ती असली की पुढे दाखल करून घेणं सोपं जातं. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी अजिबात वेळ घालवला नाही. स्ट्रेचर दारातच थांबलं होतं, तिथे येऊन त्यांनी मला तपासलं. ज्योती आत सलाइनची बाटली आणायला गेली होती.

“कधीपासून?”

शाहीनने इक्बालकडे पाहिलं.

“सकाळपासून,” ती म्हणाली.

“सकाळी किती?”

इक्बाल म्हणाला, “फजरच्या नमाजाला उठले ना सर, तेव्हापासून.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. कागद माझ्या छातीवर ठेवून ते सही करत होते, म्हणून मला तो दिसला. ‘पहाटे ६’.

तेव्हा मला लेख आठवला आणि मी हिशेब केला. सहा अधिक साडेचार म्हणजे साडेदहा. त्या कागदाप्रमाणे माझी मुदत साडेदहाला संपली होती. साडेदहाला मी मुलीशी बोलत होतो.

मी डावा हात वर केला. डॉक्टरांच्या बाहीपर्यंत तो पोचला. “बरं,” मी म्हणालो. “बरं, बरं, बरं.”

“काळजी करू नका आजोबा, पुढे पाठवतोय लगेच,” ते म्हणाले आणि माझा हात त्यांनी चादरीत घातला.

बारा वाजून बावीस मिनिटांनी गाडी निघाली.

दोन पस्तीस ते तीन दहा

मोठ्या रुग्णालयात आम्ही एक पन्नासला पोचलो. दोन वीसला सीटी स्कॅन झालं. दोन पस्तीसला मेंदूविकाराच्या डॉक्टर खाटेपाशी आल्या. त्यांच्या एका हातात स्कॅनचा अहवाल होता आणि दुसऱ्यात चिठ्ठी.

त्या वेळी खरी वेळ माहीत असलेली दोन माणसं माझ्याजवळ नव्हती. शाहीन खालच्या मजल्यावर दाखल करण्याचे फॉर्म भरत होती. इक्बालचा जुम्मा चुकला होता. तो गाडी लावून तिथेच नमाज पढत होता. माझ्याजवळ ज्योती होती.

“पेशंटबरोबर कोण?”

“मी. संस्थेची. काका आमच्या गावचे.”

“सकाळी सहाला सुरू झालं ना?”

“चिठ्ठीवर हाय तेच, मॅडम.”

ज्योतीला गावातून फोन दहा सेहेचाळीसला आल्याचं माहीत होतं. चिठ्ठीवर नुसतं ‘सकाळपासून’ नव्हतं, नेमका आकडा होता, म्हणून तिला त्यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे माणसं आधी तेल चोळतात, नजर उतरवतात, नातेवाइकांना विचारतात आणि मग गाडीला फोन करतात. चार-पाच तासांचा उशीर तिला रोजचा होता.

“साडेआठ तास झाले,” डॉक्टर म्हणाल्या. “मग इंजेक्शनचा प्रश्नच नाही. गोळ्या सुरू करू.” मग त्या माझ्याकडे वळल्या. चांगल्या डॉक्टर होत्या. न बोलू शकणाऱ्या माणसाकडेही बघून बोलत. “काका, एक इंजेक्शन असतं, पण तुम्हाला यायला उशीर झालाय. ते आता देता येत नाही. बाकी उपचार करतोय. ठीक आहे?”

“बरं,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दहा चाळीस अधिक साडेचार तास म्हणजे तीन दहा. पस्तीस मिनिटं उरली होती. मी डाव्या हाताने घड्याळाकडे बोट केलं.

“अडीच वाजून गेलेत काका,” ज्योती म्हणाली. “भूक लागली? आता काय देत न्हाय ते. मी बी उपाशीच हाय.”

मी पुन्हा बोट केलं.

“काकी येतील. खाली हायेत. कुठं जात न्हायत.”

मी लिहिण्याची खूण केली. तिने नर्सकडून पेन आणलं आणि जुन्या रिपोर्टची मागची बाजू समोर धरली. डाव्या हाताने मी एक उभी रेघ काढली. तो एकचा आकडा होता. शून्य काढायला गेलो ते कागदावरून घसरून चादरीवर गेलं. चादरीवर शाई लागली. ज्योतीने पेन काढून घेतलं.

“नका लिहू. दमाल. काय असंल ते उद्या सांगा, मी कुठं जात न्हाय.”

तिने माझा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. हात सोडवून घेण्याएवढी ताकद माझ्यात होती. सोडवून काय करायचं ते सुचलं नाही.

दोन पन्नासला नर्स लघवीची नळी घालायला आली. त्यात दहा मिनिटं गेली. तीनला तिने नाव विचारलं. मी ‘बरं’ म्हणालो. तीन पाचला समोरच्या खाटेवरच्या माणसाचा डबा आला. तीन दहाला काही घडलं नाही. काटा पुढे गेला.

कुठल्या साडेदहाला

शाहीन तीन वीसला वर आली. इक्बाल तिच्यामागे होता, त्याच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. चार वाजून पाच मिनिटांनी तस्नीमचा फोन आला. तिला तोवर कुणी कळवलं नव्हतं. शाहीन खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बोलली. डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी होत्या.

“रडू नको. बोलतात, एकच शब्द बोलतात, पण बोलतात... अगं, तुझाच तर फोन ठेवला साडेदहाला. मी कांदा चिरत होते, तो कप पडल्याचा आवाज आला...”

डॉक्टर वळल्या.

“कुठल्या साडेदहाला?”

शाहीनने फोन कानापासून दूर केला. “आजच्या. सकाळच्या.”

“चिठ्ठीवर सहा लिहिलंय.”

इक्बाल त्या आधीच खाली गेला होता. संस्थेच्या दुसऱ्या एका पेशंटसाठी गाडी परत न्यायची होती, म्हणून तो आणि ज्योती दोघं निघाली होती.

“ते... लवकर बघावं म्हणून सांगितलं,” शाहीन म्हणाली.

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे.

“मग ते इंजेक्शन आता द्या,” शाहीन म्हणाली. तोवर तिला नर्सने इंजेक्शनबद्दल सांगितलं होतं.

“आता नाही देता येत.”

“मी खोटं बोलले म्हणून?”

“वेळ गेली म्हणून.”

त्यांनी पेन काढून केसपेपरवरचं ‘पहाटे ६’ खोडलं, वर ‘सकाळी १०.४०, पत्नीच्या सांगण्यावरून’ असं लिहिलं आणि सही केली. फोनमधून तस्नीमचा आवाज येत होता. “अम्मी? अम्मी, काय झालं? बोल ना.”

इंजेक्शनने नक्की फरक पडला असता असं कुणी सांगू शकत नाही. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना होत नाही. मला ते मिळालं नाही, एवढंच नोंदवता येतं.

वॉर्ड

मी आठ दिवस तिथे होतो. पहाटे पाचला अंग पुसायचे. सहाला नाकातल्या नळीतून दूध. आठला डॉक्टरांची फेरी, त्यांच्यामागे शिकणारे. प्रत्येक जण माझा उजवा हात उचलायचा आणि सोडून द्यायचा. हात गादीवर पडायचा. पाचव्यांदा पडला की मी डोळे मिटायचो.

न बोलणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. एक नातेवाईक माझ्या खाटेवर बसून म्हणाले, “असं जगण्यापेक्षा...” आणि मग सफरचंद कापू लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते सफरचंद त्यांनीच खाल्लं, कारण मला गिळता येत नव्हतं.

डायपर बदलायला येणाऱ्या मामांना मी पहिले दोन दिवस घट्ट डोळे मिटून सहन केलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “साहेब, मलाबी लाज वाटायची पहिल्या वर्षी. जाते ती.” माझी गेली नाही, पण त्यांचं बोलणं उपयोगी पडलं.

शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक गृहस्थ होते. पूर्वी मिठागरं होती, आता ट्रक. त्यांना बोलायला माणूस हवा होता. सुना, ट्रकचे टायर, जमिनीचे दावे, सगळं ते मला सांगत आणि मी योग्य जागी ‘बरं’ म्हणत असे. घरी जाताना ते त्यांच्या मुलाला म्हणाले, “आमचे घरान असा आयकनारा कोन नाय.” मला हसू आलं. तोंडाची डावी बाजूच हसली. शाहीनने ते पाहिलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा तीही हसली.

तुम्हाला कळत होतं?

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शाहीन मला भात भरवत होती. चमचा ताटात ठेवून तिने विचारलं, “चिठ्ठी लिहिली तेव्हा तुम्हाला कळत होतं? वेळेचं?”

मान हलवून ‘नाही’ म्हणणं मला तोवर जमू लागलं होतं. मी ‘हो’ अशी मान हलवली. पत्रकाराची सवय म्हणा. नंतर अनेकदा वाटलं, की त्या दिवशी तेवढं खोटं चाललं असतं.

तिने ताट उचललं आणि ती आत गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी फक्त कामाचं बोलली: गोळी घ्या, कूस बदला, पाय वर करा. घरात तिच्याजवळ शब्द होते आणि माझ्याजवळ नव्हते, पण दोघांपैकी जास्त गप्प तीच होती.

इक्बालला यातलं काही ठाऊक नव्हतं. दर मंगळवारी तो मला वाचोपचारासाठी खाडीपलीकडे नेत असे. फेरीबोटीवरची माणसं त्याच्यासाठी जागा ठेवत. तो मला उचलून खुर्चीत ठेवत असे, सदऱ्याची बटणं लावत असे. शाहीन त्याला चहा देत असे आणि काही सांगत नसे. एकदा तस्नीमला फोनवर ती म्हणाली, “सांगून काय होणार? तो बसला घरी तर गाडी कोण चालवील? गावात अजून माणसं आहेत.”

मंगळवार

चौथ्या महिन्यातल्या एका मंगळवारी गाडी दिघीच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होती. मी मागे खुर्चीत. शाहीन त्या दिवशी आली नव्हती. इक्बालला फोन आला. शेजारच्या गावातल्या कुणाला तरी त्यांची माणसं रिक्षाने दवाखान्यात नेत होती आणि ती त्याला विचारत होती, काय करायचं.

“पोचलात की सकाळपासून असं सांगा,” इक्बाल म्हणाला. “काय? हां, सकाळपासून. माझं नाव घ्या.”

मी डाव्या हाताने गाडीचा पत्रा वाजवला. तो वळला.

“काय चाचा, उलटी येते?”

तोवर माझ्याजवळ सहा-सात शब्द होते. त्यातला एकही कामाचा नव्हता. मी फोन काढला आणि डाव्या अंगठ्याने टाइप करू लागलो. तीन शब्दांना चार मिनिटं लागली. ‘खरी वेळ सांगा’.

त्याने वाचलं. “का?”

मी पुढे टाइप केलं. ‘मला १०.४०. चिठ्ठीवर ६. इंजेक्शन ४.३० तासांत.’

त्याने दोनदा वाचलं. ओठ हलत होते. तो बोटांवर मोजत होता. बोट धक्क्याला लागली होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“म्हणजे ते देता आलं असतं?”

मी मान हलवली.

“तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं? गाडीत? आणि चार महिने मी तुम्हाला...”

आधी त्याने त्या रिक्षातल्या लोकांना फोन लावला. ती माणसं तोवर आत गेली होती. ती पोटदुखीची केस होती. ‘सकाळपासून’ने काही बिघडलं नाही. मग त्याने गाडी बोटीवर चढवली, मला उपचाराला नेलं, तासभर बाहेर थांबला, परत आणलं, खुर्चीत बसवलं, बटणं लावली. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीची चावी संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली.

बावीस दिवस गाडी उभी होती. त्या काळात आलेल्या फोनांना रिक्षा आणि खासगी गाड्या गेल्या. कोणाचं काय झालं, याची पूर्ण माहिती मला मिळू शकली नाही.

तेविसाव्या दिवशी ज्योती त्याच्या घरी गेली. तिथे काय झालं ते तिनेच सांगितलं. “मी म्हटलं, घरात बसून कुनाला दाखवतोस तोंड? तू चुकलास, मी बी चुकले. चिठ्ठीवर हाय तेच, असं मीच बोलले ना मॅडमला? मी काय मासे विकायचे सोडले? रडायचं तर गाडी चालवताना रड. ऊठ.”

तो उठला.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

संस्थेच्या फॉर्मवर आता रुग्णाच्या नावाआधी एक ओळ आहे: ‘किती वाजेपर्यंत ठीक होते? कोणी पाहिलं?’ ती घरातच, गाडीत बसण्याआधी भरतात. त्याची एक प्रत रुग्णाच्या खिशात ठेवतात आणि डॉक्टरांच्या हातात तीच देतात. तोंडी कुणी काही सांगायचं नाही, असं ठरलं आहे. तोंड वाकडं झालं, हात पडला किंवा बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. वेळ माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. मोठी करू नका, लहानही करू नका. वेळ सांगायला रुग्णावर अवलंबून राहू नका.

मागच्या महिन्यात गाडी एका एकट्या राहणाऱ्या बाईंना घेऊन गेली. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात आहेत. त्यांच्या फॉर्मवर त्या ओळीत ‘माहीत नाही, दार शेजाऱ्यांनी उघडलं’ असं लिहिलं होतं. त्यांना इंजेक्शन मिळालं नाही.

छापायला देण्याआधी हा मजकूर शाहीनने इक्बाल आणि ज्योतीला वाचून दाखवला. ज्योती म्हणाली, तिच्या तोंडी घातलेलं सगळं ती बोलली होती, फक्त ‘उपाशी’ नव्हती, सकाळी भाकरी खाल्ली होती. इक्बालने एक दुरुस्ती सांगितली. आधीच्या मसुद्यात ‘इक्बालने पहाटे सहा असं सांगितलं’ असं होतं. तो म्हणाला, “मी फजर म्हटलं होतं. सहा डॉक्टरांनी लिहिलं.” ते बरोबर आहे. दुरुस्ती वर केली आहे. शाहीनने काही बदलायला सांगितलं नाही.

आजची स्थिती

झटक्याला चौदा महिने झाले. काठी घेऊन पडवीपासून फाटकापर्यंत चालता येतं. उजवा हात खांद्यातून उचलता येतो, कोपरात वाकतो. बोटं हलत नाहीत. हा मजकूर डाव्या हाताच्या अंगठ्याने सात आठवड्यांत टाइप केला.

वाचोपचाराच्या बाई दर महिन्याला वीस शब्दांचा एक कागद समोर ठेवतात. त्यातले पाच शब्द रुग्णाने निवडायचे असतात. गेल्या मंगळवारच्या चाचणीत मला वीसपैकी अकरा शब्द म्हणता आले. ‘पाणी’, ‘खुर्ची’, ‘दार’, ‘शाहीन’ हे त्या अकरांत आहेत. ‘तस्नीम’ हा शब्द सलग नवव्या महिन्यात आला नाही.